आदिलाबादच्या डोंगरवाटांवर हक्क कुणाचा?

दिवाळी जवळ आली की तेलंगणातल्या आदिलाबादच्या डोंगराळ भागातल्या गोंड गुड्यांत, म्हणजे पाड्यांत, दंडारी नाचाचे मेळे सजू लागतात. गुसाडी नर्तक मोरपिसांचा भरगच्च टोप डोक्यावर चढवतात, अंगाला राख फासतात, ढोल आणि पेपरे वाजू लागतात आणि अख्खा मेळा दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून निघतो. यजमान गाव मेळ्याचे स्वागत करते, जेवू घालते, रात्र नाचण्यात जाते. पुढे त्या गावाचा मेळा परतभेटीला येतो. यातून सोयरिकी जुळतात, जुनी भांडणे मिटतात. आज अनेक मेळे टेम्पो-ट्रॅक्टरने जातात हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या ही ये-जा पायीच झाली, आणि तिने सागाच्या रानातून, नाले ओलांडत, खिंडी गाठत जाणाऱ्या वाटांचे जाळे विणले. आदिलाबादमध्ये पायी भ्रमंतीच्या वाटा 'विकसित' करायच्या असतील, तर त्या नव्याने आखू नयेत. आधीच असलेल्या या वाटा ओळखाव्यात आणि त्यांचा कारभार ग्रामसभांकडे सोपवावा, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी भूगोल पाहू. अजिंठ्याकडून पूर्वेला येणारी सातमाळा रांग या मुलखातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला गोदावरी, मध्ये पानगळीचे सागवान जंगल. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, पण डोंगरांना त्याचा पत्ता नाही: कडेम नदी आजच्या आदिलाबाद जिल्ह्यातून वाहत कुंतलाच्या कड्यावरून सुमारे 45 मीटर खाली कोसळते आणि पुढे निर्मल जिल्ह्यातल्या कडेम जलाशयात थांबते. बोथजवळचा पोचेरा, बाजारहत्नूरच्या गिरनूरजवळचा कनकाई, नेरडीगोंडा भागातला गायत्री असे आणखी धबधबे याच डोंगरांत आहेत. यातले कुंतला ठिकाण सगळ्यांत प्रसिद्ध, आणि पर्यटनाचा सध्याचा साचा कसा चालतो हे तिथेच नीट दिसते. हमरस्ता सोडला की गाडी थेट कड्यापर्यंत जाते, तिथून चारशेवर पायऱ्या उतरायच्या, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचे. ज्या गावांच्या शिवारातून नदी येते त्यांच्याशी पाहुण्याचा संबंध चहाच्या टपरीपुरता. अशा ठिकाणी माणसे वारंवार बुडतात याचे मला आश्चर्य वाटत नाही. वर बोथ-बाजारहत्नूरकडे पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढते. हे तिथल्या गुराख्याला कळते. पायऱ्या उतरून आलेल्या शहरी पाहुण्याला कळत नाही, आणि त्याला ते सांगणारा माणूस त्याच्यासोबत नसतो.

याच मुलखात चालण्याची दुसरी रीत पूर्ण जिवंत आहे. इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिच्या आधी गोंडांच्या मेस्राम कुळातले लोक पितळी झारी घेऊन अनवाणी निघतात, गावोगाव मुक्काम करत जन्नारमजवळच्या कलमडुगूपाशी गोदावरीच्या हस्तिनमडुगू डोहावर पोहोचतात, झारी भरून घेतात आणि तशीच पायी परततात. पूजेसाठी लागणारी मातीची भांडी सिरिकोंड्याच्या गुग्गिला कुंभारांकडूनच घ्यायची असा दंडक आहे. परतल्यावर केसलापूरच्या वडाखाली मुक्काम, आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट. वाट कुठून जाते, पाणी कुठे मिळते, कोणत्या गावाने उतरवून घ्यायचे, कोणत्या जागी थांबायचेच नाही, हे सगळे ठरलेले आहे. लांब पल्ल्याच्या वाटेला जे जे लागते ते या यात्रेत आहे: मुक्काम, पाणवठे, वाटाडे, नियम आणि नियम पाळायला लावणारी माणसे. एवढी पूर्ण व्यवस्था समोर असताना नकाशावर पट्टी ठेवून वेगळी 'ट्रेल' आखायला निघणे म्हणजे या मुलखाकडे डोळेझाक करणे.

वाटेचा प्रश्न इथे हौसेपुरता कधीच नव्हता. निजामाच्या राजवटीत जंगल राखीव होत गेले तशी गोंड आणि कोलाम आदिवासींच्या वस्त्या, शेते आणि गुरचराई बेकायदा ठरली. याच अन्यायाविरुद्ध गोंड नेता कोमराम भीम उभा राहिला आणि 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने या भागात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना पाठवले. त्यांनी मार्लवाईला मुक्काम केला, जमिनीचे पट्टे मिळवून देण्यात भाग घेतला आणि गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उभारले. तिथली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली होती, कारण या डोंगरांत मराठीची ये-जा जुनीच. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्यातले तालुके मराठी मुलखात आले, बाकीचा जिल्हा तेलुगू राज्यात राहिला. सोयरिकी आणि बाजार दोन्हीकडे चालूच राहिले. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत जमीनहक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. लोक याहून बराच मोठा सांगतात. या इतिहासात 'जंगलात कोणी कुठून चालायचे' हा आदेश नेहमी बाहेरून आला आहे. नव्या पर्यटनाने तोच आदेश हिरव्या पाटीवर लिहून लावला तर काही बदलले असे म्हणता येणार नाही.

पहिला आक्षेप वाघाचा, आणि तो वजनदार आहे. इथले कवाल अभयारण्य 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. ताडोब्याकडून आणि यवतमाळच्या टिपेश्वरहून वाघ या बाजूला येतात. पैनगंगा ओलांडून ते आदिलाबादच्या शेतशिवारात दिसतात. मग माणसांना पायी कशाला सोडायचे? उत्तर असे की गाभा क्षेत्रात सोडूच नये. व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची 2012 ची मार्गदर्शक तत्त्वे गाभ्यातल्या पर्यटनाला मर्यादा घालतात, आणि माझ्या मते पायवाटांसाठी ती आणखी कडक असावी. पण कुंतला-पोचेराचा परिसर, उटनूर-इंद्रवेल्लीचे डोंगर, गोंड वस्त्यांचे शिवार हे बहुतांश गाभ्याबाहेर आहे आणि तिथे माणसे आजही रोज मोह, तेंदू, सरपण आणि बाजारासाठी चालतात. वाघाला धोका रात्रीचा प्रकाश, वाढती वाहने, रिसॉर्टची कुंपणे आणि शिकारी यांचा. केरळमधल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात पूर्वी दालचिनीची साल चोरणारे आणि शिकार करणारेच पुढे प्रशिक्षित वाटाडे झाले; मोजक्या पाहुण्यांना घेऊन ते पायी गस्तच घालतात. ज्यांना जंगलाची वाट ठाऊक आहे त्यांच्या पोटाशी तिचे रक्षण जोडले, की वनखात्याचेही बळ वाढते.

दुसरा आक्षेप असा की ग्रामसभांना हे झेपणार नाही. पावत्या, हिशेब, विमा, बचाव या कामांना संस्था लागते. हा आक्षेप ऐकताना मराठी वाचकाला गडचिरोलीतले मेंढा-लेखा आठवायला हवे. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूचा व्यवहार गावाने स्वतः हाती घेतला. चंद्रपूरच्या पाचगावनेही तेच केले. उटनूरमध्ये आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहाचे लाडू बनवते आणि ते आश्रमशाळांतल्या मुलांपर्यंत जातात. ठरलेल्या दर्जाने, ठरलेल्या वेळी माल पोचवणाऱ्या बायकांना पाहुण्यांच्या दोन जेवणांचा हिशेब जमणार नाही असे मानणे अपमानकारक आहे. प्रशिक्षण लागेल, प्रथमोपचार शिकवावे लागतील, सुरुवातीची काही वर्षे आदिवासी विकास यंत्रणेने पाठीशी उभे राहावे लागेल. सह्याद्रीत राजमाचीच्या उधेवाडीने ट्रेकर्सची राहण्या-जेवण्याची सोय घरांत केली, ती कुठल्या महामंडळाने शिकवली म्हणून नव्हे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत बोचतो. मेस्रामांची यात्रा, गुसाडीचा नाच, कोलामांची भीमदेवाची स्थाने: यांवरून पाहुण्यांना चालवणे म्हणजे श्रद्धेचा बाजार मांडणे नाही का? मांडला तर तो होईलच. म्हणून वाट खुली करण्याच्या हक्काइतकाच ती बंद ठेवण्याचा हक्क महत्त्वाचा. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये सामूहिक वनक्षेत्रात कोणी यावे हे ठरवण्याचा आणि जंगलाला बाधक काम थांबवण्याचा ग्रामसभेचा अधिकार स्पष्ट आहे. आदिलाबादचे बरेच डोंगर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात, तिथे पेसा कायद्याचीही जोड आहे. जत्रेच्या दिवसांत यात्रेची वाट पाहुण्यांना बंद, देवस्थानाजवळ कॅमेरा बंद, मोह वेचण्याच्या आणि वणव्याच्या महिन्यांत, म्हणजे फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत, सगळ्याच वाटा बंद, असा निर्णय गाव घेऊ शकते. एखाद्या गावाने पाहुणाच नको म्हटले तर तेही उत्तर मान्य करावे लागेल. पर्यटन महामंडळाकडे असा 'नाही' म्हणण्याचा विवेक सहसा नसतो, कारण त्याची नेमणूकच आकडा वाढवण्यासाठी असते.

उरतो प्रश्न पैशाचा. थोडे पाहुणे येणार असतील तर एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. पण थोडे पाहुणे हेच या योजनेचे बळ आहे. गाडीतून आलेला माणूस पेट्रोलपंपावर आणि हमरस्त्यावरच्या हॉटेलात खर्च करतो. पायी आलेला माणूस गुड्यात जेवतो, तिथेच झोपतो, वाटाड्याला मजुरी देतो. त्याला पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह लागते, डांबर लागत नाही. पावसाळ्यानंतर ते माघापर्यंत असे चार महिने जरी वाटा चालल्या, तरी ज्यांना कामासाठी गाव सोडावे लागते अशा काही तरुणांना गावातच मजुरी मिळेल. याहून मोठी स्वप्ने दाखवणे खोटेपणाचे होईल.

म्हणून तेलंगण सरकारने पहिला निधी फलकांवर आणि मनोऱ्यांवर खर्च करू नये. जिथे सामूहिक वनहक्काचे दावे पडून आहेत तिथे ते निकाली काढावेत, आणि ग्रामसभांनी आपल्या जुन्या वाटा, पाणवठे, देवस्थाने त्या दाव्यांत नोंदवून घ्यावीत. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूरच्या ट्रेकिंग गटांनाही एक विनंती आहे: या डोंगरांचा कार्यक्रम जाहीर करण्याआधी त्या गुड्याच्या पटलाला, म्हणजे गावप्रमुखाला, आणि ग्रामसभेला विचारा, वाटाडा तिथलाच घ्या, त्याची मजुरी त्याच्याच हातात द्या, आणि गावाने मोबाइल पिशवीत ठेवा म्हटले तर ठेवा.