अंड्यांतील एकवीस दिवस

खुडूक बसलेली कोंबडी पाहणाऱ्याला आळशी वाटते. वस्तुतः तिचें काम अखंड चाललेलें असतें. पोटाखालचीं अंडीं ती चोंचीनें वारंवार फिरविते, कडेचीं मध्यें घेते, दिवसांतून एकदां दाणापाण्यापुरती उठते आणि पुन्हां येऊन बसते. घरीं पेटींत अंडीं उबवूं पाहणाऱ्याला हें सारें स्वतःच्या अंगावर घ्यावें लागतें.

माणसानें हा उद्योग हातीं घेतला त्याला शतकें लोटलीं. ईजिप्तमधील मातीच्या भट्ट्यांत हजारों अंडीं एकदम उबवीत, आणि तेथील कारागीर अंडें पापणीला लावून ऊब अजमावीत. फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञानें १७४९ सालीं या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. आज पापणीचें काम तापमापक करतो. पंखा असलेल्या पेटींत ३७.५ अंश सेंटिग्रेड उष्णता राखावी. पंखा नसल्यास अंड्यांच्या माथ्याशीं सुमारें एक अंश अधिक.

बाजारांतील अंडीं बहुधा कोंबडा नसलेल्या कळपांतलीं असतात. तीं कितीही उबविलीं तरी व्यर्थ. अंडीं फलित हवींत, आठवड्याहून जुनीं नकोत, आणि तीं धुऊं नयेत. कवचावरचा नैसर्गिक लेप गेला कीं सूक्ष्म छिद्रांतून जंतु आंत शिरतात.

अंडें एकाच कुशीवर राहिलें तर गर्भ आंतल्या पडद्याला चिकटतो. म्हणून अठराव्या दिवसापर्यंत तें रोज तीन किंवा पांच वेळां फिरवावें. विषम संख्या अशासाठीं कीं, रात्रीचा लांब वेळ दररोज त्याच कुशीवर जाऊं नये. सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत अंडें दिव्यासमोर धरावें. कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर गर्भ वाढत आहे. हा देखावा मुलांना अवश्य दाखवावा.

वीज गेली तर घाबरूं नये. पेटीवर घोंगडी टाकून ती बंदच ठेवावी. कांहीं तासांचा थंडावा गर्भ बहुधा सोसतो. दोन-तीन अंशांची अधिक उष्णता मात्र त्याच्या जिवावर बेतते.

खरी परीक्षा शेवटच्या तीन दिवसांची. आतां अंडीं फिरवावयाचीं नाहींत, पेटींतील पाणी मात्र वाढवावयाचें. पिलूं प्रथम अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळींत श्वास घेतें, मग चोंचीवरील टणक टोकानें कवच टोचतें, आणि नंतर तासन् तास स्वस्थ राहतें. अशा वेळीं घरांतील कोणा ना कोणाला दया येते, आणि टरफल सोलण्याकडे हात जातो. कित्येक पिलें या दयेनेंच दगावतात. पडद्यांतील शिरांतलें रक्त अजून पिलाच्या देहांत ओढलें गेलेलें नसतें, उरलेला बलक पोटांत शिरलेला नसतो. कवच सोललें कीं रक्तस्राव होतो. नुसतें झांकण वारंवार उघडलें तरी वाफ निघून जाते आणि सुकलेला पडदा पिलाला आवळून धरतो. टोचल्यापासून बाहेर येईपर्यंत पूर्ण दिवसही लागूं शकतो.

बाहेर आलेल्या पिलाला लगेच दाणा नसला तरी चालतो. पोटांतला बलक त्याला दोन दिवस पुरतो. तेव्हां तें पेटींतच कोरडें होऊं द्यावें, आणि मग सुमारें ३५ अंशांच्या उबदार खोक्यांत हलवावें. मागें राहिलेलीं अंडीं एकविसावा दिवस संपला म्हणून टाकूं नयेत. पेटी आणखी दोन दिवस चालूच ठेवावी.