खवल्यांच्या पाठीचा पाहुणा

ओहोटी लागली पोरांनो, आता होडीच्या आडोशाला गप्प बसा. जवळ गेलं की सगळा थवा उठतो.

तो बघा, मुठीएवढा, काळ्या पायांचा. चोच टोकाशी खाली वाकलेली, म्हणून त्याला बाकचोच तुतवार म्हणायचं. चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. आजी चिखलात हात घालून, न बघता शिंपल्या चाचपते ना, तसा हा चोचीनं किडे चाचपतो. आता त्याची पाठ बघा. प्रत्येक पिसाला फिकट कड आहे, अगदी माशाच्या खवल्यांसारखी. ही खूण यंदाच्या पिल्लाची.

याचा जन्म सायबेरियाच्या पार उत्तर टोकाला, बर्फाच्या समुद्राजवळ. इथून सुमारे ६ हजार किलोमीटर. आई अंड्यांवर बसली की बाप दक्षिणेला निघतो. पिल्लं अंड्यातून निघाली की त्याच दिवशी आपलं आपण टिपून खातात. ती जरा मोठी झाली की आईही जाते. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला आपल्याकडे पोचतात ती ही मोठी मंडळी. काहींच्या पोटावर विटकरी रंग अजून टिकून असतो. पिल्लं मागून येतात, महिन्या-दीड महिन्यानं. आईबाप बरोबर नसतात. मग वाट कुणी सांगितली?

नेदरलँड्समध्ये पेरडेक नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी प्रवासाला निघालेले ११ हजारांवर स्टार्लिंग पकडले, म्हणजे आपल्या साळुंकीचे भाऊबंद, आणि स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. १९५८ साली त्यांनी निकाल छापला. मोठ्या पक्ष्यांनी चूक ओळखली, वळून नेहमीच्या मुक्कामाकडे गेले. पिल्लं मात्र जन्मजात ठाऊक असलेल्या दिशेनंच उडत राहिली आणि भलतीकडे, थेट स्पेनपर्यंत पोचली. म्हणजे दिशा रक्तातच असते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व ती धरून ठेवायला मदत करतात. मुक्कामाचं गाव मात्र एकदा पोचल्याशिवाय कळत नाही. मला तर हे होकायंत्राहून मोठं नवल वाटतं.

आणि तो काय करतोय? एका पायावर उभा राहून चोच पिसांत खुपसतोय. दमला असेल. भरती येईस्तोवर निजू दे त्याला.

मोठे पक्षी उन्हाळा लागला की उत्तरेला परततात. पहिल्या वर्षाची पिल्लं पुष्कळदा जातच नाहीत, दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवरच राहतात. जूनमध्ये आपल्या होड्या वर ओढल्या की या चिखलावर नजर ठेवा हं. असा एखादा दिसला, तर मला हाक मारा.