रॅम महागली? आधी कॅबिनेट उघडा

मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीच्या रॅमचा ब्रँड गुंडाळायचं जाहीर केलं, त्यामागचं गणित सरळ आहे. एआय सर्व्हरना लागणारी एचबीएम मेमरी बनवायला पीसीच्या तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ रॅमपेक्षा साधारण तिप्पट वेफर (चिप घडवायची सिलिकॉनची चकती) खर्ची पडतो, आणि पैसाही तिथेच जास्त मिळतो. रॅमसाठी लागणाऱ्या डीरॅम चिपचे बडे उत्पादक जगात तीनच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांचा ओढा सर्व्हरकडे गेला, की डेस्कटॉपवाल्याच्या वाट्याला उरलंसुरलं येणार.

नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत या बाजाराची दोन्ही टोकं दिसतात. एकीकडे कंट्रोलएससारखी डेटा सेंटरं, दुसरीकडे मिलेनियम बिझनेस पार्कमधली दहा-बारा पीसींची ऑफिसं. त्यात विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे जुने पीसी बदलायची वेळ आली ती नेमकी भाव भडकलेले असताना. गुजरातेत सानंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग रॅम स्वस्त का होत नाही, असं बरेच जण विचारतात. तिथे चिपची जुळणी आणि चाचणी होते, वेफर बनत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा बाजार गाठण्याआधी कॅबिनेटचं झाकण काढा. असेंबल केलेल्या कितीतरी पीसीत रॅमच्या दोन्ही स्टिक शेजारी शेजारी खोचलेल्या सापडतात. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी बसवल्या तर सहसा दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि बँडविड्थ निम्मी होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. स्टिक काढलीच आहे तर तिच्या सोनेरी पट्टीवरून खोडरबर फिरवा, आणि परत बसवताना क्लिपचा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. पावसाळ्यानंतर ‘बीप’ देऊन बसलेले पीसी अनेकदा एवढ्यावरच सुरू होतात.

वेगाची दुसरी चोरी बायोसमधली. डब्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ स्टिक बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो हे वेगाचं प्रोफाइल चालू केल्याशिवाय बहुधा ४८०० किंवा ५६००वरच धावते. ६०००चे पैसे मोजायचे आणि बायोसमध्ये डोकावायचंही नाही, हे मला कळत नाही. सेटिंग बदलल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, तेव्हा घाबरून बटण दाबू नका, मेमरीचं ट्रेनिंग चालू असतं.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही २८८ पिनच्या, पण खाच वेगळी. बोर्ड पाहूनच घ्या. डीडीआर५वर चारही स्लॉट भरण्याचा मोह मात्र टाळा. रायझन ७०००मध्ये दोन स्टिकना अधिकृत वेग ५२००, चार भरल्या की ३६००.

आता घ्यायचीच असेल तर? आठ-आठच्या दोन स्टिक घ्या, हा नेहमीचा सल्ला डीडीआर५ला मला पटत नाही. ८ जीबीच्या स्टिकवर सहसा चारच चिप असतात, त्यामुळे ती मंद पडते, आणि पुढे वाढवायची तर दोन्ही काढाव्या लागतात. बजेट १६ जीबीचंच असेल तर सोळाची एक घ्या, बिल आणि मॉडेल नंबर जपून ठेवा, आणि भाव उतरल्यावर तिची जोडीदार शोधा. तोवर एकाच चॅनेलवर भागवावं लागेल. टॅली आणि ब्राउझरपुरतं ते भागतं.