आधी पत्रा, मग शीट: जुन्या ट्रकच्या केबिनमधला आवाज

माझ्या पीएचडीचा विषय ट्रकच्या केबिनमधला आवाज. त्यातले पहिले सहा आठवडे मी चक्क वाया घालवले. ते कसे गेले हे सांगितलं तर तुमचे काही वाचतील, म्हणून हे लिहितेय.

प्रयोगासाठी आम्हाला एक जुना ट्रक मिळाला होता. इंजिन चालू असताना शेजारी बसलेल्याशी ओरडूनच बोलावं लागायचं. मी पेपर वाचून आले होते, त्यामुळे उपाय तयार होता: फ्लोअरला डॅम्पिंग शीट लावायची. म्हणजे ब्युटाइल रबराचा चिकट थर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. पत्रा थरथरला की मधला रबरी थर ताणला जातो आणि थरथरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. स्टीलच्या ताटावर टिचकी मारा, घणघणेल. तेच ताट ओल्या फडक्यावर ठेवून मारा, नुसतं 'टप' होतं. साधारण तसंच.

मॅट उचलली, ब्रश मारला, दिसेल तेवढ्या फ्लोअरवर शीट चिकटवली. मोजलं, तर आकडा जेमतेम हलला. मायक्रोफोन बदलला, कॅलिब्रेशन तपासलं, पुन्हा तेच. शेवटी गॅरेजमधले मिस्त्री म्हणाले, "मॅडम, गाडी खालून बघितली का कधी?"

नव्हती बघितली. सीटखाली आणि दाराच्या कडेला, जिथे माझी शीट पोचलीच नव्हती, तिथे पत्रा कुजून जाळी झाली होती. क्लचच्या पेडलजवळचं रबरही फाटलेलं. आणि गंजाच्या पापुद्र्यावर लावलेली शीट पत्र्याला नाही, पापुद्र्यालाच चिकटली होती.

आता गणित बघा, खरी गंमत इथे आहे. १ मिमी जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरतो. वस्तुमानाच्या नियमाने तो ५०० हर्ट्झला साधारण २५ डेसिबल आवाज अडवतो. वजन दुप्पट केलं की आणखी ६, म्हणजे ३१. पण त्याच एक चौरस मीटरमध्ये फक्त १ टक्का उघडी जागा धरा, म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरचं भोक. मग २५ चे १९ होतात. आणि वजन दुप्पट केलं तरी १९ चे जेमतेम २०! कारण जवळजवळ सगळा आवाज भोकातूनच येतोय. १ टक्का उघडं असेल तर पत्रा कितीही जाड करा, २० च्या पुढे जाताच येत नाही. हे सूत्र मला पाठ होतं, तरी गाडीखाली वाकून बघायचं सुचलं नाही.

मग सगळं उचकटलं. वेल्डिंगच्या आसपास शीट ठेवून चालत नाही, ती धुमसते, पेटूही शकते. बॅटरी सोडली, खालून जाणारी वायर आणि डिझेलचा पाइप बाजूला घेतला. मिस्त्रींनी ग्राइंडरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत कुजका भाग कापला, त्याच जाडीचा तुकडा बसवून वेल्ड केला, मग रेड ऑक्साइड आणि सांध्यांना सीलर. नुसता वरून पॅच ठोकला तर दोन थरांत पाणी साठतं आणि गंज पुन्हा सुरू. फाटकं रबरही बदललं.

या वेळी शीट लावायच्या *आधी* एकदा मोजलं. फरक पॅचचा किती आणि शीटचा किती, हे नाहीतर कधीच कळलं नसतं. शीटही सगळीकडे नाही लावली. बोटाने ठोकत गेले आणि जिथे पत्रा वाजला त्या मोकळ्या भागांच्या मधोमध लावली. डॅम्पिंगचा बराचसा फायदा अर्ध्याहून कमी जागा झाकूनही मिळतो, उरलेलं फक्त वजन आणि खर्च.

आता केबिनमध्ये नेहमीच्या आवाजात बोलता येतं. इंजिनचा खालच्या पट्टीतला घुमारा मात्र तसाच आहे. तो फटीतून येतच नव्हता, माउंटिंगमधून पत्र्यात शिरतोय. सध्या मी त्याच्याच मागे आहे.