आपल्या शिवाराचे अन्न आपल्या ताटात

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव दळणवळणाच्या दृष्टीने मोक्याच्या ठिकाणी वसले आहे. मुंबई-आग्रा महामार्ग या परिसरातून जातो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानकही येथे आहे. अशा गावी दूरदूरचा माल सहज पोहोचतो आणि परप्रांतीचे धान्य व फळे दारात मिळतात. ही सोय स्वागतार्हच होय. तथापि तिच्यामुळे शिवारात पिकणाऱ्या अन्नाकडे पाठ फिरली, तर त्याची किंमत माती, जनावरे आणि अखेर माणूस या तिघांनाही मोजावी लागते.

दादरचे महत्त्व

खानदेशात रब्बी ज्वारीस ‘दादर’ म्हणतात. तापी खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हे पीक वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पेरलेली दादर हिवाळा ओलांडून काढणीस येते. शिंदखेड्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हा गुण मोलाचा आहे. या पिकास वरखते व फवारण्या कमी लागत असल्याने सेंद्रिय पद्धतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्यास ते सोयीचे ठरते.

दादरपासून केवळ धान्यच मिळते असे नाही. तिचा कडबा जनावरांच्या दावणीला जातो, जनावरांपासून शेण मिळते आणि शेणाचे खत पुन्हा मातीत जाते. कापसाने घरात रोख पैसा येतो हे खरे. पण पऱ्हाट्या कडब्याची जागा घेऊ शकत नाहीत. ज्वारीचे क्षेत्र घटले की चारा विकत घ्यावा लागतो, गोठा रिकामा होतो आणि शेणखताच्या अभावी रासायनिक खतावरील अवलंबन वाढते. गावातील ग्राहकाने गावची ज्वारी घेतली, तर हे चक्र फिरते राहते. स्थानिक अन्नाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

पोषणाचा विचार

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने व तितकेच तंतू असतात. सडलेल्या तांदळात प्रथिने सुमारे 8 ग्रॅम, तर तंतू 3 ग्रॅमहूनही कमी असतात. 100 ग्रॅम बाजरीत 6 मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हा तर खानदेशातील गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला पोषक आहार होय. धान्य आणि कडधान्य यांची प्रथिने परस्परांस पूरक असतात, हे आहारशास्त्रही सांगते.

स्थानिक आणि सेंद्रिय

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. जवळ पिकलेले सर्वच अन्न सेंद्रिय असते असे नाही आणि सेंद्रिय म्हणून विकले जाणारे सर्वच अन्न जवळचे असते असेही नाही. सेंद्रिय धान्यात पोषकद्रव्ये फार अधिक असतात, असा दावाही करू नये. कीटकनाशकांचे अवशेष कमी असणे, फवारणी करणाऱ्या हातांचा धोका टळणे आणि मातीचा कस टिकणे हे त्याचे खरे लाभ आहेत. शेत जवळ असले म्हणजे पीक कसे घेतले जाते, हे ग्राहकास प्रत्यक्ष पाहता येते.

ही खात्री लेखी स्वरूपात मिळावी म्हणून ‘सहभागी हमी पद्धती’ अस्तित्वात आहे. तीत एकाच किंवा लगतच्या गावांतील किमान 5 शेतकरी गट स्थापन करून परस्परांच्या शेताची तपासणी करतात. 2015 साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत अशा गटशेतीस साहाय्य देण्यात आले. जमीन पूर्णपणे सेंद्रिय होण्यास मात्र साधारणतः 3 वर्षे लागतात आणि त्या काळात उत्पन्न घटण्याचा संभव असतो. म्हणूनच या काळात ग्राहकाने रास्त भाव देणे आवश्यक ठरते.

खत गावातच

गोवऱ्या थापून जाळलेले शेण मातीला मुकते आणि उघड्या उकिरड्यावरील खताचा कस उडून जातो. यावर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी सोपा उपाय शोधला. त्यांच्या नावावरून ही पद्धत ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवून 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच टाके विटांनी बांधावयाचे आणि त्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर द्यावयाचे. सुमारे 100 किलो शेणावर एक टाके भरते व साधारणतः 3 ते 4 महिन्यांत उत्तम खत तयार होते. थोड्या शेणात अधिक खत मिळत असल्याने गोठ्यात एकदोनच जनावरे असणाऱ्या शेतकऱ्यासही ते परवडते.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीने आठवडे बाजारात सेंद्रिय गटांसाठी वेगळी जागा राखून ठेवावी आणि ग्रामसभेत खताच्या टाक्यांचा विषय घ्यावा. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत मेथी, वांगी, शेवगा लावून त्यांची भाजी मुलांच्या ताटात पोहोचवावी. अधिकाऱ्यांनी शेतकरी गट आणि ग्राहक यांची गाठ घालून द्यावी. या कामांसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. घरोघरी आठवड्यातून चार दिवस दादरची भाकरी झाली, तरी पुढच्या हंगामात तिची पेरणी करण्यास शेतकऱ्याला आधार मिळेल आणि गोठ्यातील दावणही भरलेली राहील.