काढलेलं पुन्हा घडवताना

हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात छातीतली गाठ दाखवायला आलेल्या बाईचा पुढचा रस्ता ठरलेला असतो: त्र्यंबकेश्वरावरून नाशिक, आणि तिथे भागलं नाही तर मुंबईचं टाटा हॉस्पिटल. वाटेत कुठेतरी 'स्तन काढावा लागेल' हे तिला कळतं. तो पुन्हा घडवता येतो, हे मात्र बऱ्याच जणींच्या कानावर येतच नाही. ही विद्या कालपरवाची असती तर एक वेळ समजून घेतलं असतं.

तिचा माग काढत गेलं तर पार पेशवाईतल्या पुण्यापाशी पोचतो. इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठ्याचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका जाणत्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक घडवून दिलं, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ती हकिगत छापली. दाब कलम करताना फांदी झाडाला जोडलेली ठेवूनच मातीत रुजवतात, तसा इथे कातडीचा रक्तपुरवठा न तोडता ती नव्या जागी बसवली होती. इटलीत तान्सिनी यांनी १९०६ साली पाठीचा स्नायू छातीवर आणला, तो याच तत्त्वावर.

पण तो काळ हाल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियेचा होता. १८९४ साली त्यांनी मांडलेल्या पद्धतीत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. नवा स्तन घडवला तर उलटलेला आजार झाकला जाईल, ही भीती पुढे कित्येक दशकं टिकली. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये पहिला सिलिकॉन इम्प्लांट बसवला गेला. १९८२ साली हार्ट्राम्फ यांनी ओटीपोटाची कातडी आणि चरबी स्नायूसकट वर आणून स्तन घडवण्याची रीत मांडली. १९९४ मध्ये अ‍ॅलन यांनी तेच काम पोटाचा स्नायू जागेवर ठेवून करून दाखवलं. दरम्यान मिलानचे व्हेरोनेसी आणि अमेरिकेतले फिशर यांच्या चाचण्यांनी सिद्ध केलं होतं, की गाठ लहान असताना तेवढीच काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते.

या सगळ्यात मला हा शेवटचा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. राखता येण्याजोगा स्तन काढायचा आणि मग नवा घडवत बसायचं, यात बाईचे हालच आहेत. त्यासाठी गाठ लवकर सापडली पाहिजे. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींची तपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: आजार सुरुवातीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचं यंत्र लागलं नाही. हरसूलच्या पाड्यांवर न करता येण्यासारखं यात काय आहे?

तरीही काहींचा स्तन काढावाच लागतो. तेव्हा पर्याय पुस्तकातल्या क्रमाने नव्हे, तिच्या रोजच्या कामाच्या हिशेबाने मांडायला हवेत. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारीला पाठीचा स्नायू घेतला तर खांद्याची ताकद थोडी कमी होऊ शकते. पोटाचा स्नायू गेला तर पोट कमकुवत होतं, हर्निया होऊ शकतो, आणि आवणीत दिवसभर वाकणारीला ते जड जाईल. स्नायू वाचवणारी शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक तास चालते आणि तिला तसे तरबेज हात लागतात. इम्प्लांटची शस्त्रक्रिया त्या मानाने लहान, पण तो जन्मभर टिकेलच असं नाही. किरणोपचार झाले तर त्याभोवती कडक आवरण धरण्याचा धोका वाढतो, आणि तपासणीसाठी पुन्हा पुन्हा शहर गाठावं लागतं. एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम विचारलीच पाहिजे, ती मिश्रीची. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि वळवलेली कातडी मरू शकते.

अपेक्षाही आधीच स्पष्ट हव्यात. घडवलेल्या स्तनाला पहिल्यासारखी संवेदना बहुधा येत नाही, त्यातून दूध येत नाही, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, आणि एका शस्त्रक्रियेत काम क्वचितच संपतं. उलट, यामुळे आजार उलटण्याचं प्रमाण वाढत नाही, हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. काही न घडवता छाती सपाट ठेवणं किंवा ब्लाउजमध्ये कापडी स्तन वापरणं हाही पूर्ण मानाचा निर्णय आहे. मात्र तो तिने घेतलेला असावा. गरीब बाईला जीव वाचल्याशी मतलब, शरीराचं काय, असं गृहीत धरणाऱ्यांनी तिला कधी विचारलेलं नसतं.

पैशाची अडचण खरीच आहे. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात नाशिकसह सगळ्या राज्यात आली. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया तीत आहेत. पुनर्रचनेतलं काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधीच लिहून घ्यावं.

आणि संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी सर्जनला तीन प्रश्न विचारा: स्तन राखता येईल का, काढला तर याच वेळी घडवता येईल की नंतर, आणि नंतर करायचं असेल तर आज कातडी किती ठेवणार. आशाताईंनो, बाईबरोबर नाशिकला जाल तेव्हा ती गप्प राहिली तर तिच्या वतीने हे तुम्ही विचारा.