साध्या कॅमेऱ्याचें आयुष्य

नवा कॅमेरा घेऊं पाहणारा गृहस्थ प्रथम किंमत विचारतो आणि मग विचारतो, "हा टिकेल किती?" दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नुसत्या वर्षांत देतां येत नाहीं.

श्रोतेहो, डिजिटल कॅमेऱ्यांत एकसारखा झिजणारा भाग म्हणजे शटर, म्हणजेच त्याची झडप. प्रत्येक छायाचित्रागणिक ती एकदां उघडते व मिटते. निकॉनच्या 2018 सालच्या डी3500 या साध्या कॅमेऱ्याची झडप 1,00,000 वेळां चालवून तपासलेली आहे. त्याच कंपनीच्या डी5 या धंदेवाईक कॅमेऱ्याची 4,00,000 वेळां. आतां हिशेब करूं. कोल्हापुरास खेटून असलेल्या उचगावांतील एखादें कुटुंब आठवड्यास पन्नास चित्रें घेतें असें धरलें, तर वर्षाचीं 2,600 होतात. लाख गांठावयास अडतीस वर्षें लागतील. तोच कॅमेरा लग्नसराईंत दिवसास 1,500 चित्रें टिपणाऱ्याच्या हातीं गेला, तर सत्तर दिवसांच्या आंतच लाख पुरे होतात. म्हणून जुना कॅमेरा घेतांना त्याचें वय विचारण्यापेक्षां झडप किती वेळां चालली तें विचारावें.

मग घरगुती कॅमेरा अडतीस वर्षें चालतो काय? मुळींच नाहीं. सात-आठ वर्षें नीट चालला तरी पैसे वसूल झाले असें मी समजतों. आमच्याकडे त्याचा खरा वैरी पावसाळा. त्या दमट हवेंत, चामड्याच्या पिशवींत कोंडलेल्या भिंगावर बुरशीचे धागे पसरतात. तिचें आम्ल भिंगावरील लेप खातें आणि मागाहून कितीही पुसलें तरी डाग जात नाहीं. 2005 सालीं सोनीनें बनविलेले कांहीं प्रतिमाग्राहक उष्ण व दमट हवेंत बिघडतात असें आढळलें, तेव्हां ते वापरणाऱ्या कॅनन, निकॉन इत्यादि कंपन्यांस विनामूल्य दुरुस्ती जाहीर करावी लागली! उपाय स्वस्त आहे: घट्ट झाकणाचा डबा आणि त्यांत सिलिका जेलच्या पुड्या. तांदुळांत कॅमेरा पुरून ठेवण्याची युक्ति सोडावी. तांदुळाची भुकटी फटींत शिरते.

दुसरी अडचण सुट्या भागांची. 1920 सालचा 'सैरंध्री' बाबुराव पेंटर यांनीं कोल्हापुरांतच घडविलेल्या कॅमेऱ्यानें टिपला. तसल्या यंत्राचें दांतेरी चक्र झिजलें, तर उद्यमनगरांतील कारागीर आजही तें कातून देईल. डिजिटल कॅमेऱ्यांतील सर्किटाची पट्टी मात्र लेथवर होत नाहीं. कंपनीनें ती पुरविणें थांबविलें, कीं भिंग निर्दोष असूनही यंत्र निकामी. बॅटरीचेंही तेंच. कांहीं शें वेळां भरल्यावर ती मंदावते, आणि जुन्या नमुन्याची नवी सहसा मिळत नाहीं. नमुना बाजारांत आहे तोंवरच एक जादा घ्यावी. मात्र तीही अर्धवट भरून, थंड जागीं ठेवावी, कारण नुसती पडून राहिली तरी लिथियमची बॅटरी म्हातारी होतच असते.